मावशींनी भिंत काढली

“या आता! काढली भिंत! आणा दाजींना भाईर!”

मावशी ओरडत होत्या. प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभ्या, पदर कमरेला खोचलेला, कानाला मफलर, आणि वर केलेल्या हातात माझ्या दोरीचं भेंडोळं. आवाज असा की गंगापूर धरणाचं पाणी दोन इंच हललं असणार. समोरच्या झाडावरचे पोपट उडून थेट पांडवलेण्यांवर जाऊन बसले. मी दारात बाबांची व्हीलचेअर धरून उभा होतो, तो तिथंच थिजलो. तशी त्या सकाळी थिजायला आणखी कारणही होतं. जानेवारीतला शनिवार, आणि निफाडकडून निघालेला वारा वाटेतच गोठून पडत होता.

“काय झालं?” बाबांनी विचारलं. मोतीबिंदूमुळे त्यांना दहा पावलांपुढचं सगळं धुक्यातलं दिसतं.

“मावशींनी दोरी काढली.”

मनगटाला बांधलेला रुमाल तेवढा बाबांनी सारखा केला.

तो रुमाल मनगटाला का, इथपासून सांगतो. आधी एक सूचना. माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करायचं, अशी आमच्या घरात रीत आहे. मी अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर काम केलं, आणि तिथं मी एका केसाचे उभे तीन तुकडे केले होते असं सांगतो, तेव्हा बायको म्हणते, “दीड धरा.” आज मात्र वजाबाकी जरा जपून करा.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. मूळचे कोकणातले, तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गावानं आम्हाला शनिवार तेली म्हटलं. घाणा गेला, कोकण सुटलं, शनिवार राहिला. निदान बाबांपुरता. आमच्यातले बाकीचे लोक शब्बाथला, म्हणजे शनिवारी, वाहन वर्ज्य असूनही प्रार्थनेला स्कूटरवरून येतात, स्कूटर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीमागे लावतात आणि शेवटची शंभर पावलं साधूसारखी चालत येतात. बाबांना हे ठाऊक आहे. गिरणीच्या दिशेला ते कधी तोंड करून बसत नाहीत.

बाबांच्या शब्बाथचे नियम मला तरी मोजून संपलेले नाहीत, पण मोठा नियम हा की घराबाहेर काही वाहून न्यायचं नाही. पिशवी नाही, छत्री नाही, खिशात सुपारीचं खांड नाही. खिशातला रुमाल म्हणजे ओझं, मनगटाला बांधला की कपडा. घराची किल्ली मी त्यांच्या पट्ट्याच्या बकलात बसवून दिली होती, म्हणजे तीही कपडाच झाली. असे बाबा चौऱ्याऐंशी वर्षं शनिवारी रिकाम्या हातांनी चालत प्रार्थनेला गेले. मग आई गेली, आणि महिन्याभरात अर्धांगवायूनं बाबांचा उजवा पाय त्यांच्याशी बोलेनासा झाला.

खुर्ची आली. आणि शनिवारी उंबऱ्याबाहेर खुर्ची ढकलणं म्हणजे आख्खा माणूस वाहून नेणं. सोमवारी बाबा खुर्चीतून भाजीवालीपर्यंत जाऊन मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालून येत. शनिवारी दाराआड. दोन वर्षं.

“देव समजून घेईल हो बाबा,” मी म्हणायचो.

“देव घेईल. मी नाही घेणार,” बाबा म्हणायचे.

प्रार्थना काही साता समुद्रापार नव्हती. आमच्याच सोसायटीत, ब विंगच्या तळमजल्यावर, प्रार्थना चालवणाऱ्या काकांच्या दिवाणखान्यात. त्यांना आम्ही हझान काका म्हणतो. तोरा या आमच्या पवित्र ग्रंथाची गुंडाळी त्यांच्या कपाटात असते. आम्ही अ विंगच्या तळमजल्यावर. मध्ये ऐंशी पावलं. मी एकदा सुचवलं, “तोराच इकडे आणू या.” बाबा म्हणाले, “राजा प्रजेच्या घरी हजेरी लावायला येतो का?” पुन्हा सुचवलं नाही.

यंदा आईचा वर्षदिन शनिवारी आला. कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात, आणि नाशकात हाका मारमारून आम्ही बरोब्बर दहा जमतो. बाबा धरून. गेल्या वर्षी वर्षदिन आडवारी आला, तर पाचच आले. दहा जमले की बाबांना खुर्चीतून न्यायचं ठरलं होतं, पण मी तसाच परतलो. बाबा दारात वाट बघत होते. मी मान हलवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आईसाठी त्यांना स्वतःच्या तोंडानं कद्दीश म्हणायचा होता, आणि वय बघता पुढच्या शनिवारच्या योगाचा भरवसा कोण देणार?

म्हणून मी माझ्या भाच्याला गाठलं. तो इस्राएलमध्ये अश्दोदला असतो, तिकडे लग्न करून चांगलाच धार्मिक झालाय. व्हिडिओ कॉलवर त्याची दाढी आधी येते, मग तो.

“मामा, सोपं आहे,” तो म्हणाला. “एरुव बांध. आवाराला चारी बाजूंनी भिंत असली की आतलं सगळं एकच घर. घरात खुर्ची चालते.”

“तीन बाजूंना भिंत आहे. समोरची रस्ता रुंद करताना गेली. सिंहस्थाची कामं चाललीत.”

“मग समोर दारं कर.”

“पन्नास फुटांची दारं?”

“चौकट रे. दोन उभे खांब, वरून दोरी. खांब आणि दोरी म्हणजे दार. दारांची रांग म्हणजे भिंत. आमच्या शहरात रस्त्याच्या दिव्यांच्या खांबांवरून अशीच तार फिरवलीय. सगळे तिच्या आत बाबागाड्या ढकलतात. फक्त एक लक्षात ठेव. दोरी खांबाच्या डोक्यावरून गेली पाहिजे. बाजूला बांधली तर ती चौकट नाही, वाळत घालायची दोरी आहे.”

हे ऐकून माझ्या अंगात एकतीस वर्षांचा लेथ फिरायला लागला. मी सहा पाइप आणले, साडेसात फुटी. ओळंबा लावून ते इतके सरळ उभे केले की पृथ्वी किंचित कललेली आहे हे माझ्या लक्षात आलं. प्रत्येक पाइपाच्या डोक्यावर खाच पाडली आणि पांढरी नायलॉनची दोरी त्या खाचांतून ओढून घेतली. मुंगी चालली तर सूर निघावा इतकी ताणलेली.

पण खांबांनी भागत नव्हतं. भाचा म्हणाला, दोन्ही यहुदी घरांची एक भाकर हवी, एकाच ठिकाणी ठेवलेली, म्हणजे दोन्ही घरं एका चुलीची. आणि आवारातल्या बाकी बिऱ्हाडांकडून अंगणाचा हक्क मागून घ्यायला हवा, काहीतरी हातावर ठेवून. संक्रांत नुकतीच झाली होती. मी डबा घेऊन दारोदार फिरलो, “तिळगूळ घ्या आणि अंगण द्या.” सगळ्यांनी दिलं. एकानं बदल्यात पार्किंग मागितलं, त्याला दोन लाडू दिले.

अडलं ते मावशींपाशी. मावशी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या. दिंडोरीकडच्या, मुलाच्या नोकरीमुळे नाशकात आलेल्या. माझ्या आईला त्या ताई म्हणायच्या, म्हणून बाबा दाजी आणि मी भाचा. मी छप्पन्न वर्षांचा असलो तरी मला त्या शेंबूड पुसायच्या स्वरात हाक मारतात.

“भाकर मी करून देते की,” मावशी म्हणाल्या. “ताईसाठी बाजरीची करते, तीळ लावून.”

“मावशी, भाचा म्हणतो तांदळाची चालते. बाजरीची चालत नाही.”

“का?”

“नियम आहे.”

“कोणाचा?”

“जुना आहे हो. दीड दोन हजार वर्षांचा.”

“दोन हजार वर्षांमागं त्या लोकांनी बाजरी खाल्ली तरी व्हती का? इतक्या थंडीत तांदळाची भाकर खाऊन माणूस उभा तरी राहील का? आमच्या बाजरीत काय कमी हाय, सांग ना!”

त्यांनी तिळगूळ घेतला, हक्क दिला, पण अर्धा लाडू परत डब्यात टाकून. तांदळाची भाकर बायकोनं केली आणि हझान काकांच्या ओट्यावरच्या डब्यात ठेवली. शुक्रवारी दुपारी चारला मावशी खाली येऊन माझ्या खांबांकडे बघत उभ्या राहिल्या.

“हे काय?”

“भिंत,” मी ऐटीत म्हणालो.

“ही?”

“ही. शनिवारची भिंत. हिच्यामुळेच तर सगळा प्रश्न आहे.”

“सुटणार” हा शब्द मी खाल्ला, कारण मला तेव्हा सहाव्या पाइपाची खाच बघायची घाई होती. एरवी एका वाक्याची दहा करणारा मी नेमका तिथं काटकसरीला लागलो.

आता मावशींच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? दोन वर्षं त्या ऐकत होत्या की दाजींना शनिवारी बाहेर पडता येत नाही. मग शनिवारच्या आदल्या दिवशी कुणी दोरी बांधतो आणि म्हणतो, ही भिंत. दोरी असते कशासाठी? गुराला अडवायला, गर्दीला अडवायला. त्यातून बाबांची खुर्ची मधल्या बोळातून जात नाही, तिथं तीन पायऱ्या आहेत; समोरून, दोरीला लागून जावं लागतं. नऊ वाजले तरी आम्ही निघेना, तेव्हा मावशींनी वरून बघितलं, अडचण ओळखली, आणि स्टूल घेऊन खाली उतरल्या. ताईच्या दिवशी दाजींची वाट मोकळी करायला.

ती वाट मोकळी करून त्या हसत उभ्या होत्या.

मी पुढं धावलो. गाठ मारायला दोन सेकंद लागली असती. “बाबा, मी बांधतो. पाप लागू दे मला, माझ्या खात्यात जागा आहे.”

“शब्बाथला गाठ मारायची नाही,” बाबा म्हणाले. आजारानंतर त्यांचे शब्द एकेक करून येतात, जिना उतरल्यासारखे. “तू बांधलीस तर मी जाणार नाही.”

“मग मावशी खुर्ची ढकलतील.”

“त्यांना गडी समजतोस?”

“मग त्यांना सांगतो, परत बांधा म्हणून.”

“आपल्याला जे चालत नाही ते दुसऱ्याला करायला सांगायचं नाही.”

भाच्याला विचारावं, तर फोन शब्बाथला बंद, आणि भाचा दाढीसकट झोपलेला. राहिला एकच मार्ग. सांगायचं नाही, पण कळेल असं काहीतरी बोलायचं. यात माझी आई उस्ताद होती. शनिवारी सकाळी ती जिन्यात उभी राहून हवेशी बोलायची, “आज घसा बाई कोरडा पडलाय.” पाच मिनिटांत मावशी येऊन मुकाट्यानं गॅस पेटवून चहा टाकून जायच्या. बाबा त्या चहाला हात लावत नसत, पण आई पीत असताना खोलीतून निघून जायचं सौजन्य त्यांच्यात होतं. ही बोली त्या दोघींची. आम्हा पुरुषांना तिची बाराखडीसुद्धा येत नव्हती. तरी मी घसा खाकरला.

“मावशी, काल ती दोरी काय शोभून दिसत होती, नाही?”

“कसली शोभा! आता बघ कसं मोकळं वाटतंय.”

“मोकळं वाटतंय, पण... वरती काहीतरी हवं होतं असं नाही वाटत?”

“पताका लावायच्यात का?”

तोवर ब विंगच्या दारात आमची सगळी मंडळी येऊन उभी राहिली होती. नऊ वाजून गेले, बाबा आणि मी नाही, म्हणजे आठच. हझान काकांना परिस्थिती एका नजरेत कळली. त्यांनीही आभाळाकडे बघून प्रयत्न केला. “आज वारा फार. समोरून काहीतरी आडोसा पाहिजे होता बुवा.”

“मफलर बांधा की मंग!” मावशी इकडून ओरडल्या. “आणि तुम्ही सगळे असे येड्यावाणी आभाळाकडं काय बघताय? दाजींना आणा ना!”

कुणी हललं नाही. मावशींचं हसू हळूहळू उतरायला लागलं. स्टुलावरून उतरून त्या आमच्या दारापाशी आल्या, भेंडोळं अजून हातातच.

“काय झालं दाजी? माझं काही चुकलं का?”

“नाही बाई,” बाबा म्हणाले. “दोरी होती, तोवर हे सगळं अंगण माझं घर होतं. घरात खुर्ची फिरते. आता माझं घर इथं संपतं.” आणि त्यांनी चांगला पाय उंबऱ्याला लावून दाखवला.

मावशींनी दोरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. एवढ्या वर्षांत त्यांना गप्प बसलेलं मी दोनदाच पाहिलंय, पहिल्यांदा आईला नेलं तेव्हा.

“म्हंजी मी दाजींना कोंडलं? ताईच्या दिवशी?”

हो म्हणणं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं. मावशी वळल्या, स्टुलाशी गेल्या, चढल्या. दोरी दोन्ही हातांनी खेचून त्यांनी अशी गाठ मारली की बैल उधळला तर पाइप जाईल पण गाठ सुटणार नाही. हात झटकले.

“वरून गेली का?” बाबांनी विचारलं.

त्यांनी विचारलं मला. त्यांना दिसत नव्हतं. तिकडे आठ जण माझ्याकडे बघत होते, स्टुलावरून मावशी बघत होत्या.

गाठ बाजूला होती. पाइपाच्या डोक्याच्या चार बोटं खाली, बैल बांधतात तशी, खुंट्याच्या कमरेला. वरची खाच रिकामी.

आता खरं सांगतो, वजाबाकी न करता. मी त्या क्षणी म्हणणार होतो, “हो.” एवढासा शब्द. मी आयुष्यात याहून मोठमोठं खोटं नुसतं चहाबरोबर सांगितलंय. अंबडला मी साहेबाला सांगितलं होतं की माझ्या मशिनवर घारीनं अंडं घातलंय, म्हणून आज बंद ठेवलीय. चार बोटांनी काय बिघडणार होतं? बाबा गेले असते, कद्दीश झाला असता, नऊ जण आमेन म्हणाले असते, आईचा दिवस पार पडला असता. वर बसलेला काही मापायला व्हर्नियर घेऊन बसलेला नाही. बाबांनी मान वर करून कान माझ्याकडे केला होता. लहानपणी मी शाळेतून आलो की ते असाच कान करून बसायचे, मार्क ऐकायला.

“नाही,” मी म्हणालो. “बाजूला बांधलीय. डोक्यावरून नाही गेली.”

बाबांनी मान हलवली. चांगला हात चाकावर ठेवला आणि खुर्ची आत वळवायला लागले. मी मदत केली नाही.

“डोक्यावरून म्हंजी?” मागून आवाज आला. “अशी व्हय?”

मी वळून बघितलं. मावशी टाचा उंचावून, तोंडात मफलरचं टोक धरून, स्वतःचीच ती बैलगाठ सोडत होत्या. सुटेना, तेव्हा दात लावले. दोरी उचलून त्यांनी खाचेत बसवली, पलीकडून खाली ओढली, पाइपाला गुडघा लावून ताणली आणि पुन्हा बांधली. यातलं मी त्यांना काही सांगितलेलं नाही. मी माझ्या बापाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. दुसऱ्यानं ऐकलं तर तो शब्बाथचा भंग नव्हे, हे हझान काकांनी नंतर पुस्तकं काढून मला सांगितलं. उलटं सांगितलं असतं तरी मी ऐकणार नव्हतो.

“आता?” बाबांनी विचारलं.

“आता गेली.”

“चल.”

मी खुर्ची उंबऱ्यावरून उतरवली. रस्त्याच्या कडेची खडी होती, चाकं खडखडत होती, बाबांचे दातही त्यांच्याबरोबर. मावशी पाइपांच्या रांगेकडून आमच्या बरोबरीनं चालत होत्या, एकेका खांबाच्या डोक्याकडे बघत, जणू आता एखादी खाच चुकली तर ती त्यांची जबाबदारी. ब विंगच्या दारातली मंडळी बाजूला झाली. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. हझान काकांनी फक्त बाबांच्या खांद्यावरची प्रार्थनेची शाल सारखी केली आणि म्हणाले, “तुमचीच जागा राखलीय.”

कद्दीशला बाबांनी माझा हात धरला आणि उभे राहिले. उभे म्हणजे अर्धं वजन माझ्यावर, अर्धं खिडकीच्या कट्ट्यावर. शब्द एकेक करून उतरत होते. एरवी दोन मिनिटांत होतो, त्या दिवशी किती वेळ लागला ते मी सांगत नाही, कारण मी सांगितलेलं तुम्ही निम्मं कराल. पण आमेनच्या जागी नऊ आवाज दर वेळी थांबले, बाबा पोचेपर्यंत. नंतरच्या प्रार्थनेत आईचं नाव आलं. बाहेर पायरीवर बसलेल्या मावशींना त्या सगळ्या हिब्रूत तेवढं एकच ओळखता आलं. त्यांनी नाक ओढल्याचं आत ऐकू आलं.

दुपारी बाबा जेवले. भात, माशाचं थंड कालवण, वर आणखी भात मागितला. ऊन खिडकीतून त्यांच्या पायांवर आलं होतं. मी त्यांना भात वाढला.

“बाबा,” मी विचारलं, “पहिल्यांदा तुम्ही विचारलंत, वरून गेली का, तेव्हा मी हो म्हणालो असतो तर?”

बाबांनी घास संपवला.

“तर तुझ्या शब्दावर गेलो असतो,” ते म्हणाले.